पाणी ओसरल्यानंतरचे बहात्तर तास

२६ जुलै २००५च्या अतिवृष्टीचा हिशेब मुंबईने मिलिमीटरमध्ये मांडला. त्याच पाण्यातून आलेल्या दुसऱ्या संकटाचा हिशेब मात्र तासांत मांडावा लागतो. रस्ते कोरडे झाले, लोकल सुरू झाल्या आणि मग ऑगस्टमध्ये ते तापाच्या रूपाने घराघरांत आलं. लेप्टोस्पायरोसिस, मुंबईच्या तोंडी नुसतं ‘लेप्टो’. उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात आणि पाण्यातून माणसात शिरणारा लेप्टोस्पायरा नावाचा जिवाणू तो घडवतो. उंदरांकडून येणारे हंटासारखे विषाणू माणसाच्या शरीरात जो अनर्थ करतात, त्याच्याशी लेप्टोची करणी बरीच मिळतीजुळती आहे. फरक एवढाच, की लेप्टोवर औषध आहे, ते स्वस्त आहे आणि ते घ्यायला थोडी मुदतही मिळते. ही मुदत कशी हातची जाते ते तासातासाने पाहू.

या घटनाक्रमात एक माणूस चालताना दिसेल. तो कुणी एक नाही. त्या रात्री उपनगरांतून चालत घरी गेलेल्या लाखोंमधला तो कुणीही असू शकतो. त्याचा आजार कल्पिलेला आहे, पण लेप्टो ज्या वाटेने नेहमी जातो त्याच वाटेने तो जातो. पाऊस, रस्ते आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

मंगळवार, २६ जुलै २००५, सकाळी ८.३०

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. सांताक्रूझच्या पर्जन्यमापकात नव्या दिवसाची मोजणी सुरू झाली तेव्हा मुंबई नेहमीसारखी कामाला निघालेली होती.

जमिनीखाली मात्र तयारी केव्हाच झालेली होती. नाल्यांच्या कडेला, तबेल्यांच्या आसपास, मंडईमागच्या कचऱ्यात, झोपडपट्टीच्या गटारांलगत उंदीर-घुशींची बिळं होती. यांतल्या कित्येक जनावरांच्या मूत्रपिंडात, लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या आतल्या भिंतीला लेप्टोस्पायरा चिकटून राहतात. उंदराला त्याचा काही त्रास होत नाही. तो खातो, पितो, पिल्लं घालतो आणि महिनोन्‌महिने लघवीतून जिवाणू बाहेर टाकत राहतो. गुरं, कुत्री आणि डुकरंही हा जिवाणू बाळगतात. कडक ऊन आणि खारं पाणी त्याला सोसत नाही, पण ओलसर माती आणि साचलेलं गोडं पाणी मिळालं तर तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. जुलैअखेरीस मुंबईची माती सगळीकडे ओलीच असते.

दुपारी २.३०

उपनगरांवर आभाळ फाटलं. त्या दुपारी एका तासात सांताक्रूझला सुमारे १९० मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना. त्याच वेळी कुलाब्यात साधी रिपरिप होती. चोवीस तासांअखेर सांताक्रूझला ९४४ आणि कुलाब्याला अवघे ७३ मिलिमीटर अशी नोंद झाली. विहार तलावावरच्या मापकात तर १,०४९ मिलिमीटर पाऊस भरला. दक्षिण मुंबईत बसलेल्यांना त्या दुपारी उपनगरांचं काय झालं आहे याची कल्पनाच नव्हती.

दुपारी ४

दुपारच्या भरतीची उंची ४.४८ मीटर होती. समुद्र पाणी घेईना आणि नाले पाणी सोडेनात. विहार भरून वाहू लागला आणि ते सगळं पाणी मिठी नदीत उतरलं. भराव आणि अतिक्रमणांनी आवळलेली मिठी विमानतळाखालून कुर्ला-कलिनाच्या वस्त्यांत घुसली. उत्तरेकडे दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्यांनीही काठ सोडले. ज्यांना आपण वर्षभर नाले म्हणतो त्या नद्याच आहेत, हे बोरिवली-कांदिवलीला त्या दिवशी कळलं.

बिळांत पाणी भरलं, जनावरं बाहेर पडली आणि उंच जागी, म्हणजे माणसांच्या घरांत, दुकानांच्या माळ्यांवर, जिन्यांवर चढली. मातीत मुरलेलं सगळं त्या पाण्यात मिसळलं. तबेल्यांतली बांधलेली जनावरं जागीच बुडाली. उपनगरांचा नाला, गटार, उकिरडा, गोठा आणि रस्ता यांतला फरक त्या दुपारी पुसला गेला. सगळीकडे एकच पाणी झालं.

संध्याकाळी ७ : तास ०

लोकल ठप्प, बस अर्ध्या बुडालेल्या, फोन बंद, उपनगरांच्या मोठ्या भागात वीजही बंद. अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतून सुटलेला आपला माणूस साकीनाक्यावरून घाटकोपरकडे निघाला आहे. पाणी कधी गुडघ्याला, कधी कमरेला. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून माणसांची साखळी पुढे सरकते. वाटेतल्या लोकांनी दारं उघडी ठेवली आहेत. कुणी बिस्किटं देतं, कुणी चहा, कुणी नुसतं ‘इथे मॅनहोल आहे, डावीकडून या’ म्हणून ओरडत उभं आहे. मुंबईला त्या रात्रीबद्दल अभिमान वाटतो, आणि तो सार्थ आहे.

चप्पल कधीच वाहून गेली. उजव्या टाचेवर पावसाळ्यातली जुनी भेग आहे आणि तिथेच पाण्याखालचा पत्रा घासून जातो. कातडी इंचभर सोलवटते. त्याला चटकाही जाणवत नाही, कारण तासभर पाण्यात राहून पाय बधिर झाले आहेत.

लेप्टोस्पायरा जाडीने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. स्प्रिंगसारखा पिळदार आणि टोकाशी वाकडा असल्यामुळे तो स्वतःभोवती गरगरत पुढे जातो. त्याला मोठी जखम लागत नाही. खरचटलेली कातडी, पाण्यात फुगून मऊ पडलेला तळवा, डोळ्यांचा किंवा तोंडाचा ओलावा, यांतली कुठलीही वाट त्याला पुरते. टाचेच्या भेगेतून तो आत गेला. घड्याळ इथून सुरू होतं.

रात्री ९ : तास २

माणूस अजून वाटेतल्या असल्फ्याच्या आसपास आहे. जिवाणू मात्र रक्तात पोचला आहे.

शरीराचे पहारेकरी रक्तात हजर असतात. परका जिवाणू दिसला की त्याच्या कवचावरची ठरावीक खूण ओळखून ते हाकाटी करतात. ही खूण ओळखणाऱ्या एका रेणूला टोल-लाइक रिसेप्टर ४ म्हणतात. बहुतेक ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं कवच तो लगेच पकडतो. लेप्टोस्पायराच्या कवचाची घडण मात्र निराळी आहे आणि माणसाचा रिसेप्टर ती ओळखत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की त्यांचा हाच रिसेप्टर ती खूण ओळखतो आणि जिवाणूला वेळीच आवर घालतो. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नसतो ते या संसर्गाने मरतात. एकच जिवाणू एका जिवाच्या मूत्रपिंडात निवांत नांदतो आणि दुसऱ्याचा घास घेतो, याच्या मुळाशी ओळखीतला हा फरकही आहे.

दुसरा पहारा रक्तातल्या ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनांचा असतो. ती परक्या पेशीला भोकं पाडून मारतात. आपल्याच पेशींवर त्यांचा मारा होऊ नये म्हणून शरीर ‘फॅक्टर एच’ नावाचं प्रथिन वापरतं. रोगकारक लेप्टोस्पायरा हेच प्रथिन आपल्या अंगावर ओढून घेतो. पहारेकऱ्यांना तो घरचाच वाटतो आणि ते त्याला जाऊ देतात.

बुधवार, २७ जुलै, सकाळी ८.३० : तास १३

पर्जन्यमापकाचा दिवस संपला आणि ९४४ हा आकडा इतिहासात गेला. साकीनाक्याला दरडीखाली माणसं गाडली गेली होती, गाड्यांत माणसं गुदमरून गेली होती. सगळ्या देशाचं लक्ष या मृत्यूंकडे होतं, आणि ते तिथेच असायला हवं होतं.

आपला माणूस पहाटे घरी पोचला. आंघोळ केली, टाचेला हळद लावली, झोपला. त्याच्या रक्तात जिवाणू दुपटीने वाढत आहेत. साधारण आठ तासांत एकाचे दोन होतात असं धरलं, तर या घडीला आत शिरलेल्या प्रत्येक जिवाणूमागे दोन-तीनच आहेत. रक्त तपासलं तरी काही सापडणार नाही.

गुरुवार, २८ जुलै, संध्याकाळी ७ : तास ४८

पाणी ओसरलं. खरी लागण पुष्कळदा इथूनही होते, कारण आता घर धुवायचं असतं. चिखल हाताने उपसायचा, भिजलेल्या गाद्या बाहेर टाकायच्या, कपाटाखाली मेलेला उंदीर काठीने ओढून काढायचा. पालिकेचे सफाई कामगार हजारो मेलेली जनावरं आणि कुजलेल्या सामानाचे ढीग उचलत आहेत. पहिल्या रात्री एकदाच पाण्यातून चाललेल्या माणसापेक्षा रोज त्या चिखलात उभ्या राहणाऱ्याचा धोका कितीतरी जास्त. त्यांचं घड्याळ दर पाळीला नव्याने सुरू होतं.

शुक्रवार, २९ जुलै, संध्याकाळी ७ : तास ७२

हा तास या सगळ्या घटनाक्रमाचा कणा आहे. आठ तासांना दुप्पट या हिशेबाने एका जिवाणूचे आता ५१२ झाले. माणूस ठणठणीत आहे. ताप नाही, अंगदुखी नाही, टाचेची जखमही सुकली आहे.

आज मुंबई महानगरपालिकेची सूचना अशी आहे, की तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावं. पाण्यातून एकदा चाललेल्या आणि पायाला जखम नसलेल्या प्रौढाला डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅमचा एकच डोस. जखमेसह चाललेल्याला रोज एक याप्रमाणे तीन दिवस. वारंवार पाण्यात उतरावं लागणाऱ्यांना, म्हणजे सफाई आणि मदतकार्यातल्या कामगारांना, आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवडे. गर्भवती स्त्रिया आणि आठ वर्षांखालची मुलं यांना डॉक्सिसायक्लिनऐवजी ॲझिथ्रोमायसिन. ही गोळी म्हणजे अभेद्य चिलखत नव्हे, पण आजची पाचशेंची फौज आठवड्याअखेरच्या वीस लाखांच्या फौजेपेक्षा केव्हाही सोपी.

हे ज्ञान २००५ साली नवं नव्हतं. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकी सैनिकांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन दिलं आणि लेप्टोची लागण सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला होता, पुराच्या २१ वर्षं आधी.

आपला माणूस सोमवारपासून कामावर जाणार आहे. ७२वा तास त्याच्या डोक्यावरून निघून गेला आणि त्याला कळलंही नाही.

मंगळवार, २ ऑगस्ट, संध्याकाळी ७ : तास १६८

कागदावरचा हिशेब आता एकाचे वीस लाख असा आहे. दुपारी कामावर असतानाच थंडी वाजून १०३ ताप भरला. डोकं फुटतंय, मळमळ आहे आणि पोटऱ्या अशा दुखतात की जिना उतरवत नाही.

पूर येऊन आठवडा झाला आहे. त्या रात्रीचं पाणी आणि आजचा ताप यांचा संबंध घरात कुणाच्याही मनात येत नाही. ‘हवा बदलली’, ‘मलेरिया असेल’, ‘एक क्रोसिन घे’. मेडिकलवाला अंगदुखीची गोळी देतो. ताप दोन-तीन तास उतरतो आणि तेवढ्याने दिवस निघतो. अंगदुखीच्या काही गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात, आणि नेमकं तिथेच जिवाणू जाऊन बसत आहेत.

गुरुवार, ४ ऑगस्ट, सकाळी ११ : तास २०८

दवाखान्यात गर्दी आहे. मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो, मुंबईच्या पावसाळ्यातले तिन्ही ताप सुरुवातीला सारखेच दिसतात. प्लेटलेट डेंग्यूत उतरतात, लेप्टोतही उतरतात. लेप्टोची नेहमीची रक्ततपासणी प्रतिपिंडं शोधते आणि ती रक्तात दिसण्याएवढी व्हायला आजाराचे पाच-सात दिवस जावे लागतात. दुसऱ्या दिवशीच्या ‘निगेटिव्ह’ अहवालाने म्हणून काहीच सिद्ध होत नाही.

अशा वेळी जाणता डॉक्टर दोन गोष्टी करतो. खालची पापणी ओढून डोळा बघतो. पांढरा भाग लालबुंद असतो, पण डोळ्यांत घाण नसते, चिकटपणा नसतो. मग रुग्णाची पोटरी हलकेच दाबतो. लेप्टोचा रुग्ण त्या साध्या दाबानेही कळवळतो. त्यानंतर विचारायचा प्रश्न एकच : ‘गेल्या दोन-तीन आठवड्यांत पाण्यातून चालला होता का?’ या प्रश्नाला ‘हो’ उत्तर आलं तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करायचं असतं. आपल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट : तास २६४

शरीराला शत्रूचा पत्ता अखेर लागला. प्रतिपिंडं तयार झाली, जिवाणू रक्तातून हटू लागले. पुष्कळ रुग्ण इथून बरे होतात. पण काहींच्या बाबतीत उशिरा जागा झालेला प्रतिकार अतिरेकाला जातो. रासायनिक संदेशांचा पूर येतो आणि आधीच दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची अस्तरं सैल पडतात.

हंटा विषाणू इथे आठवतो. १९९३ साली अमेरिकेच्या ‘फोर कॉर्नर्स’ भागात धडधाकट तरुण माणसं काही दिवसांत श्वास कोंडून गेली. रानउंदरांच्या वाळलेल्या लघवी-विष्ठेची धूळ श्वासावाटे आत गेली होती. हा विषाणू रक्तवाहिन्यांच्या पेशींत शिरतो, पण त्या पेशी तो फोडत नाही. त्या गळू लागतात त्यात शरीराच्या स्वतःच्या जोरकस प्रतिकाराचा मोठा वाटा असतो. दोन्ही आजार शेवटी इतके सारखे दिसतात, की १९९५ साली निकाराग्वात पुरानंतर लोक फुप्फुसांत रक्तस्राव होऊन मरू लागले तेव्हा आधी संशय विषाणूंचाच घेतला गेला. तपासाअंती निघाला तो लेप्टो. आपल्याकडे ‘अंदमान हेमोरॅजिक फीवर’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराचंही तसंच झालं.

आपल्या माणसाचे डोळे आता पिवळे झाले आहेत. कावीळ, मूत्रपिंडाचा बिघाड आणि रक्तस्राव ही लेप्टोची तीव्र अवस्था १८८६ साली जर्मन वैद्य अडोल्फ वाइल यांनी वर्णिली, म्हणून तिला वाइलचा आजार म्हणतात. सुरुवातीला लघवी होत राहते, त्यामुळे मूत्रपिंड बिघडल्याचं घरच्यांच्या लक्षात येत नाही. आत पोटॅशियम घटत असतं, क्रिएटिनिन चढत असतं.

रविवार, ७ ऑगस्ट, रात्री : तास २९०

खोकल्यातून रक्त पडलं. रुग्णालयात नेईपर्यंत श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात गेला. क्ष-किरणात दोन्ही फुप्फुसं पांढरी. पेनिसिलिन, सेफ्ट्रिआक्सोन, डायलिसिस, व्हेंटिलेटर, सगळं एकदम लागतं. फुप्फुसांत असा रक्तस्राव झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. नऊ दिवसांपूर्वी त्याला ज्या तीन दिवसांच्या गोळ्या बहुधा पुरल्या असत्या त्या चहा-वड्याच्या पैशांत येतात.

त्यानंतर

२००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचं प्रमाण आधीच्या चार वर्षांच्या तुलनेत सुमारे आठपट वाढल्याचं पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं गेलं. दहा वर्षांनी, १९ जून २०१५च्या अतिवृष्टीनंतर हेच घड्याळ पुन्हा फिरलं. जुलैच्या सुरुवातीला मालाडपासून बोरिवली-दहिसरपर्यंतच्या पट्ट्यात लेप्टोने माणसं दगावू लागली आणि काही दिवसांतच मृतांचा आकडा दहाच्या वर गेला. पाऊस आणि मृत्यू यांच्यातलं अंतर तेच, सुमारे दोन आठवड्यांचं. ज्याला २००५ साली लेप्टो होऊन गेला त्यालाही पूर्ण अभय नव्हतं. या जिवाणूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला सहसा अडवत नाही.

उंदीर संपवणं हा उपाय पालिका प्लेगच्या काळापासून करते आहे. तिचे मूषक संहारक आजही रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गल्ल्या पालथ्या घालतात. त्यांचं काम मोलाचं आहे. पण कचरा उघड्यावर राहील तोवर घुशींची पैदास त्यांना पुरून उरणार, आणि पाऊस तर येणारच. आपल्या हातात निश्चित उरतात ते पहिले बहात्तर तास. ते कुणाला परवडतात, हा खरा प्रश्न आहे. बैठ्या नोकरीतला माणूस डॉक्टरला फोन करतो. भांडुपच्या उतारावरच्या घरातली बाई तीन दिवस चिखल उपसते आणि चौथ्या दिवशी कामाला जाते, कारण खाडा झाला तर पगार कापतात. कंत्राटी सफाई कामगाराला गमबूट मिळतो, पण तो फाटलेला असतो.

म्हणून गोळीने माणसाकडे जायला हवं. पाणी ओसरताच आरोग्यसेविकांनी त्याच वस्त्यांत फिरावं, स्टेशनांबाहेर टेबलं मांडावीत, सफाईच्या चौकीवर हजेरीबरोबर डोस द्यावा. प्रत्येक दवाखान्यात ऑगस्टभर तापाच्या रुग्णाला पाण्याबद्दल विचारलंच जावं. आणि दर अतिवृष्टीला सांताक्रूझला किती आणि कुलाब्याला किती पाऊस पडला हे आपण वाचतो, ऐकतो, एकमेकांना पाठवतो, त्याच बातमीत आणखी एक ओळ हवी : आज पाण्यातून चाललेल्यांनी औषध घेण्याची मुदत अमुक वारी, अमुक वाजता संपते. पावसाचा आकडा कळून कुणाचा जीव वाचत नाही. ही वेळ कळली, तर वाचेल.